डॉक्टर ताराचंद आणि मागावरचा भाऊ

ज्याने मेंदूपासून टाचेपर्यंत न दिसणारे दोर ताणले आणि त्या दोरांच्या बळावर हा मातीचा देह चालता-बोलता केला, त्या जगन्नियंत्याला आधी हात जोडावेत, आणि मगच अशा माणसाची हकीकत सांगावी, ज्याचे सारे आयुष्य ते दोर ओळखण्यात गेले. माणूस साधा. नाव ताराचंद निमजे. नागपुरात तांडापेठेत, विणकराच्या घरी जन्मला, डॉक्टर झाला, मज्जासंस्थेच्या रोगांचा जाणकार म्हणून विदर्भात चार लोकांना माहीत झाला. त्याच्या नावाचा चौक नाही, कोनशिला नाही. त्याने कुठला नवा रोग शोधला नाही, कुठले नवे औषध काढले नाही. त्याने एक चूक केली, आणि ती चूक त्याच्या सख्ख्या भावाच्या पाठीत वाढत राहिली. ती कशी झाली आणि तिचे पुढे काय झाले, एवढेच येथे सांगायचे आहे.

तांडापेठेतल्या त्या घरात पुढच्या खोलीत माग होता आणि उरलेल्या जागेत माणसे राहत. माग जमिनीतल्या खड्ड्यावर उभा. विणणारा खड्ड्याच्या काठावर बसे, पाय खाली सोडी आणि दोन्ही पायांनी आळीपाळीने पावड्या दाबी. पावडी दबली की ताण्याचे सूत दुभंगे, त्या फटीतून धोटा धावे, फणीचा ठोका बसे, आणि लुगडे सुताएवढे पुढे सरके. विणलेले कापड छातीसमोरच्या आडव्या लाकडावर गुंडाळले जाई. त्या लाकडाला छाती टेकवून आधी ताराचंदचे वडील बसले. ते गेले, आई गेली, आणि मग थोरला भाऊ बाबनराव बसला. धाकट्याने पुस्तक धरावे म्हणून थोरल्याने धोटा धरला. पहाटे ठोका, दुपारी ठोका, दिवेलागणीला ठोका. त्या ठोक्यांच्या लयीत ताराचंदने अ आ ई गिरवली आणि त्याच लयीत हाडांची लॅटिन नावे पाठ केली.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. ताराचंद लहान असताना टंचाईच्या दिवसांत हे कुटुंब भंडाऱ्याकडे, पवनीला, मामांच्या आश्रयाने राहिले होते. तिकडे धान कापल्यावर त्याच बांधीत लाखोळी पेरतात. लाखोळी म्हणजे गरिबाची डाळ. चवीला बरी, मिळायला सोपी. पण महिनोन्महिने तीच पोटात गेली तर पाय ताठरतात, गुडघ्यावर गुडघा घासतो, आणि धडधाकट माणूस काठी टेकत चवड्यांवर चालू लागतो. तिकडच्या गावागावांत असे चालणारे असत. कुणी त्यांना विचारत नसे की हे कशाने झाले. लाखोळी, एवढे म्हटले की सगळ्यांचे समाधान होई. या रोगाला औषध नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होते. निमज्यांच्या घरानेही त्या काळात ती डाळ खाल्ली, आणि वाढत्या वयाच्या बाबनरावाने सगळ्यांत जास्त खाल्ली, कारण भात धाकट्याच्या ताटात जाई.

ताराचंद एम.डी. झाला आणि एकोणीसशे एकाहत्तर साली मद्रासच्या एका मोठ्या संस्थेत त्याची फेलोशिपसाठी निवड झाली. त्या काळी मेंदू आणि नसांच्या रोगांचे शिक्षण फार थोड्या ठिकाणी मिळे. एम.डी. झालेल्या डॉक्टरने संस्थेत राहायचे आणि त्या विद्येच्या एकाच उपशाखेत खोल उतरायचे, अशी रीत होती. कुणी अपस्मार आणि मेंदूच्या लहरी घेई, कुणी लहान मुलांचे आजार, कुणी नसा आणि स्नायू. ताराचंदला नसा आणि स्नायू मिळाले होते. पेठेत पेढे वाटले गेले. बाबनरावाने मागावरून न उठताच पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "लय शिकला गा तू. आता शिकायचं काई उरलं असन तं ते बी शिकून घे एकदाचं."

निघायच्या दिवशी सकाळी ताराचंदची भावजय अनुसया हळूच त्याच्याजवळ आली.

"भाऊजी, जायच्या आधी तुमच्या दादाच्या पायाकडे पाहा ना जरा. डाव्या पायातली चप्पल निघून जाते अन् यायले पत्ताच नसते. मागच्या आठवड्यात बाजारातून एकाच चपलीनं घरी आले."

"एकच चप्पल झिजते, दुसरी शिल्लक राहते," मागावरून आवाज आला. "बचतच आहे वं त्याच्यात."

ताराचंद मागाजवळ गेला. "दादा, उठ ना जरा. खाटेवर नीट पाहतो."

"पदर लागला आहे, तारा. आता उठलो तं ठोका बदलते. जे पाहायचं ते इथूनच पाह."

विणकराच्या घरी हे कारण पुरेसे असते. पदर सुरू झाला की विणणारा शक्यतो उठत नाही. उठून पुन्हा बसला तर हाताचा जोर बदलतो, पदरावर आडवी रेघ उमटते आणि ती रेघ जन्मभर त्या लुगड्याबरोबर राहते. ताराचंद त्याच घरात वाढलेला. पदरावर बसलेल्या माणसाला उठवू नये, हे त्याला बाराखडीच्या आधी कळले होते. म्हणून तो खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसला, हात खाली घालून त्याने भावाच्या गुडघ्यावर तपासणीची रबरी हातोडी मारली. पाय असा उडाला की पावडीवर आदळला. दुसरा गुडघा, तोच प्रकार. तळव्यावर किल्ली ओढली. अंगठा वर वळला. दोन्ही पायांचे दोर ताठलेले. वरचा, मेंदूचा ताबा सुटला होता.

"छातीभोवती बी पट्टा आवळल्यावानी दुखते म्हणतात," अनुसया म्हणाली. "खोकलले का जास्त."

"अवं, जनमभर या लाकडाले छाती टेकवून बसलो," बाबनराव म्हणाला, "दुखणार नाही तं काय गुदगुल्या होतीन?"

तिघेही हसले. ते लाकूड तर समोरच होते, वर्षानुवर्षांच्या घामाने काळे पडलेले, बरोबर छातीच्या उंचीवर. त्याच्याकडे बोट दाखवले की प्रश्न मिटत होता. आणि पायांकडे पाहिले की पवनी आठवत होती. दोन दुखण्यांना दोन कारणे, दोन्ही घरचीच, दोन्ही ओळखीची. ताराचंदने हातोडी पिशवीत टाकली.

"लाखोळी आहे, दादा. पवनीची. याले औषध नाही. पण ती डाळ केव्हाच सुटली; जे झालं ते झालं, आता आणखी वाढणार नाही."

"मंग ठीक आहे," बाबनराव म्हणाला आणि धोटा फेकला.

ताराचंद ग्रँड ट्रंक एक्सप्रेसने मद्रासला गेला.

त्या संस्थेत प्राध्यापक नीलमेघम यांचा एक दंडक होता. रोज सकाळी ते फेलोंना घेऊन वॉर्डात फिरत, एका रुग्णापाशी थांबत आणि विचारत, "कुठे?" रोगाचे नाव आधी घ्यायचे नाही. मेंदूत आहे, की मज्जारज्जूत, की नसेच्या मुळाशी, की नसेत, की नस जिथे स्नायूला भिडते त्या सांध्यात, की स्नायूत? आधी जागा सांगायची, आणि जागा हाताने सिद्ध करायची. रुग्णाचे कपडे उतरवायचे, त्याला चालवायचे, टाचणी आणि कापूस घेऊन पायाच्या बोटांपासून वर वर जायचे. जागा पक्की झाली की मगच प्राध्यापक दुसरा प्रश्न विचारत, "काय?" दुपारी फेलोंनी यंत्रावर बसायचे, नसेत वीज सोडून ती किती वेगाने धावते ते मोजायचे. सकाळी हाताने जे सांगितले ते दुपारी यंत्राने खोटे ठरवले तर आधी यंत्र तपासायचे, मग स्वतःचा हात, आणि दोन्ही ठीक असतील तर पुन्हा रुग्णाकडे जायचे.

ताराचंदला ही विद्या लवकर साधली. विणकराच्या घरची बोटे, तुटलेला धागा शोधणारी, म्हणून साधली, असे पुढे लोक कौतुकाने म्हणत. तसे काही नव्हते. मागावर तो धड चार हात कापडही कधी विणू शकला नव्हता. त्याला ती साधली कारण तो वाचनालय बंद होईपर्यंत वाचत असे, आणि चुकला की दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रुग्णापाशी जाऊन उभा राहत असे. इडलीची त्याला सवय झाली, उकाड्याची नागपूरकराला नवलाई नव्हती, आणि तमिळमध्ये "डोळे मिटा" आणि "दुखते का" एवढे तो शिकला.

अशात एक दिवस वॉर्डात एक माणूस आला. नाव जागेश्वर. गोंदियाकडचा, मद्रासजवळ रेल्वेच्या रुळांवर गँगमन. दोन्ही पाय ताठलेले, दोन माणसांच्या खांद्यावर हात टाकून आला. त्याची भाषा तिथे कुणाला कळेना. ताराचंद पुढे झाला, आणि परक्या मुलुखात आपल्याकडचा माणूस भेटल्याचा आनंद दोघांच्याही तोंडावर उमटला.

"कुठल्या गावचा गा तू?"

"आमगावकडला, साहेब."

"लहानपणी लाखोळी खाल्ली?"

"तेच तं खाल्लं साहेब. दुसरं काय होतं?"

ताराचंदला आणखी विचारावेसे वाटले नाही. त्या मोठ्या संस्थेत, एवढ्या विद्वानांत, त्या डाळीचे नाव ठाऊक असलेला तो एकटाच होता. दुसऱ्या सकाळी प्राध्यापक त्या खाटेपाशी थांबले आणि त्यांनी काही विचारण्याआधीच ताराचंदने रोगाचे नाव सांगितले. डाळ कशी पेरतात, कोण खातो, पाय कसे जातात, सगळे ओघवत्या इंग्रजीत सांगितले. बाकीचे फेलो कान देऊन ऐकत होते. प्राध्यापकांनीही मनापासून ऐकले. डाळीचा रंग कसा, भिजवली तर विष उतरते का, असे दोन प्रश्नही विचारले. मग ते म्हणाले, "छान. कुठे?"

"मज्जारज्जूत, सर."

"मज्जारज्जू हातभर लांब आहे, डॉक्टर. कुठे?"

ताराचंदने जागेश्वरच्या ताठलेल्या पायांकडे पाहिले.

"त्याला विचारा, हे वाढते आहे का."

ताराचंदने विचारले. जागेश्वर म्हणाला की मागल्या दिवाळीला तो खांद्यावर पहार घेऊन भराव चढत होता, होळीला चढता येईना, आणि आता उभेही राहवत नाही.

"ही डाळ त्याने शेवटची कधी खाल्ली?"

विचारण्याची गरज नव्हती. रेल्वेत लागल्यापासून तो तांदूळ खात होता.  प्राध्यापकांनी जागेश्वरचा सदरा उतरवला, खिशातून टाचणी काढली आणि पायाच्या बोटापासून हळूहळू वर जात राहिले. पोटरी, मांडी, पोट. जागेश्वर छताकडे पाहत निवांत पडला होता. स्तनाच्या खाली चार बोटांवर टाचणी आली आणि तो दचकला. उजवीकडून, डावीकडून, त्याच उंचीवर, तसाच दचकला. प्राध्यापकांनी पेनाने तिथे एक रेघ ओढली; रेघेखाली अंग बधिर होते, वर जाणीव शाबूत.

"डाळ माणसाच्या छातीवर रेघ आखत नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोचणी नव्हती. मग त्यांनी जागेश्वरला विचारायला सांगितले की इथे, या रेघेवर, पट्टा आवळल्यासारखे दुखते का, आणि खोकला आला की वाढते का.

प्रश्न मराठीत ताराचंदलाच करायचा होता. "पट्टा" हा शब्द त्याच्या तोंडून निघाला आणि तिथेच तो थांबला. तांडापेठेतल्या मागाच्या कडेला उभे राहून अनुसयेने जे सांगितले होते, ते तो अक्षरशः तसेच बोलणार होता. त्याने प्रश्न पुरा केला. जागेश्वर "हो साहेब" म्हणाला. पुढची फेरी ताराचंदच्या कानावर पडली नाही.

जागेश्वरच्या पाठीत औषध सोडून एक्स-रे काढला गेला आणि रेघेच्या जरा वर ते औषध अडून राहिलेले दिसले. मज्जारज्जूला बाहेरून दाबणारी एक गाठ होती, साधी, न पसरणारी. शल्यचिकित्सकांनी ती काढली. काही आठवड्यांनी जागेश्वर भिंत धरून चालला. पण त्याच्या चालण्याची वाट ताराचंदने पाहिली नव्हती. त्याने फेरीच्या दिवशीच दुपारी प्राध्यापकांपुढे उभे राहून रजा मागितली होती.

"घरी कोण आजारी आहे?"

"भाऊ, सर."

"काय झाले आहे?"

"ते माहीत नाही. कुठे झाले आहे, ते पाहायला जायचे आहे."

प्राध्यापकांनी रजा दिली.

तांडापेठेत तो पोहोचला तेव्हा माग चालू होता, पण ठोक्यांमध्ये अंतर पडले होते. पावडी दबायची, मग थांबायची, मग दुसरी उशिराने दबायची. मागाच्या वर आढ्याला एक दोर बांधलेला दिसला. त्या दोराला धरून बाबनराव खड्ड्यात उतरत असे आणि त्याच दोराने वर येत असे. अनुसया पाणी घेऊन आली, आणि ताराचंदने तिला काही विचारण्याआधीच पदर तोंडाला लावून आत गेली.

"दादा, हे केव्हापासून?"

"झालं हळूहळू."

"मले कळवलं काहून नाही?"

बाबनरावाने धोटा हातात धरून ठेवला. "तूच सांगतलं होतं ना गा, आता वाढणार नाही म्हणून. मंग मी कोणाच्या तोंडानं सांगू, का वाढून राहिलं? पेठेतले लोक म्हणाले असते, ताराचंद मोठा डॉक्टर झाला, पण भावाचाच रोग चुकला. म्हणून म्हटलं, चालते तवरी चालू द्यावं."

देवाने भाऊ द्यावा तर असा द्यावा, आणि असा भाऊ देऊन मग माणसाची परीक्षा पाहू नये.  ताराचंदने भावाला दोराने वर काढले, खाटेवर निजवले आणि अंगातली बंडी उतरवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने आपल्या थोरल्या भावाची उघडी छाती डॉक्टरच्या नजरेने पाहिली. मग खालपासून टाचणी टोचत तो वर चालला.

"टोचते?"

"नाही."

"इथे?"

"कापूस लावून राहिला का तू?"

"नाही दादा, टाचणीच आहे. इथे?"

"नाही गा."

मांडी झाली, बेंबी झाली. छातीच्या लाकडाच्या उंचीवर टाचणी आली, आणि बाबनराव म्हणाला, "हां. आता मारला डंख." ताराचंदने पेन काढले आणि रेघ ओढली. दुसऱ्या बाजूनेही तीच रेघ. मग लघवी आवरत नाही का, असे त्याने हलक्या आवाजात विचारले. बाबनरावाने भिंतीकडे तोंड केले आणि होकार दिला. तेही त्याने म्हातारपणाच्या खात्यात टाकले होते. तेव्हा त्याला पन्नाशीही लागली नव्हती.

"दादा, ही लाखोळी नाही. पाठीत गाठ आहे. मद्रासले नेतो तुले, उद्याच. काढता येते ती."

"लाखोळी नाही?"

"नाही. मी त्या दिवशी तुझी बंडीच काढली नव्हती. पाहिलंच नव्हतं मी."

बाबनरावाने ते ऐकले. मग म्हणाला, "म्हणजे नापास झाला गा तू."

"झालो."

"मंग आता पास कशावरून होशीन?"

 ताराचंद म्हणाला की शस्त्रक्रिया जोखमीची आहे, पाय परत येतील की नाही हे सांगता येत नाही. पण गाठ राहिली तर पाय नक्की जातील, आणि पायांवरच थांबणार नाही. आशेचा एकही जास्तीचा शब्द त्याने घातला नाही. बाबनरावाने मागाकडे पाहिले. मागावर एक लुगडे अर्धे विणून झाले होते, कुण्या नवरीचे, गर्द हिरवे, रेशमी काठाचे.

"हे उतरल्यावर जाऊ."

"हे उतरेपर्यंत महिना जाईन, दादा. ज्या चालीनं तू विणून राहिला त्या चालीनं महिना."

"ताणा अर्ध्यात सोडून विणकर उठत नाही. तुले ठाऊक आहे."

ताराचंदला ठाऊक होते. म्हणून त्याने पुन्हा मागाचेच ऐकले, जसे मागच्या वेळी ऐकले होते. अर्ध्यात कापलेला ताणा घरात अशुभ मानतात. घरातले माणूस गेल्याशिवाय तो कुणी कापत नाही. "कापा" एवढा एक शब्द उच्चारायला लागणारे बळ त्या शिकलेल्या माणसात त्या वेळी नव्हते. तेव्हा आतून अनुसया आली. तिच्या हातात धोट्यातल्या कांड्या भरताना सूत तोडायची कैची होती. ती मागासमोर उभी राहिली, तिने हात जोडले, कुणाला जोडले ते तिलाच ठाऊक, आणि तिने ताण्याचे सूत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापायला सुरुवात केली. ताणलेले सूत सुटताना जो आवाज होतो, तो बारीक असतो. त्या घरात तो बराच वेळ ऐकू येत राहिला.

"काय केलं वं हे?" बाबनराव इतकेच म्हणाला.

"आता काही लागलं नाही मागावर," ती म्हणाली. "उठा."

दुसऱ्या दिवशी पेठेतल्या चौघांनी बाबनरावाला खाटेसकट स्टेशनवर नेले. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून पडून राहिला. मद्रासला औषध सोडून एक्स-रे काढला. जी जागा टाचणीने सांगितली होती तिथेच गाठ निघाली, छातीच्या पाठीमागे, मज्जारज्जूला एका बाजूने दाबून बसलेली. जागेश्वरच्या गाठीपेक्षा ही जुनी आणि मोठी होती. शस्त्रक्रिया चालली तोवर अनुसया बाहेरच्या बाकावर डोळे मिटून नाम घेत बसली. ताराचंद तिच्या शेजारी बसला होता. त्याला आत जायची परवानगी होती. तो गेला नाही.

गाठ पूर्ण निघाली. छातीचा पट्टा पहिल्या आठवड्यात सुटला. मग लघवीवर ताबा आला. मग उजवा पाय खाटेवरून उचलला गेला. डावा मात्र जागचा हलेना. महिन्याभरात गुडघ्यात वाकू लागला, पण पाऊल ओढतच राहिले. ताराचंदने प्राध्यापकांना विचारले, "मी त्या दिवशी पाहिले असते तर डावा पायही पुरता आला असता का?"

"ते सांगता येत नाही," प्राध्यापक म्हणाले. मग म्हणाले, "येत असते तरी मी सांगितले नसते. उद्या सकाळी फेरीला या."

तो गेला. फेलोशिप पूर्ण केली आणि नागपूरला परतला. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्याच्या ओपीडीत कामठीचे विणकर आले, कोराडीच्या वीजकेंद्रातले कामगार आले, सावनेरच्या खाणीतले मजूर आले, आणि भंडाऱ्याकडून काठ्या टेकत खरोखरीचे लाखोळीचे रुग्णही आले. तो प्रत्येकाची बंडी उतरवी, प्रत्येकाला चालवी, आणि गावाचे नाव सगळ्यांत शेवटी विचारी. त्याच्याबरोबर काम करणारे डॉक्टर कृष्णकांत गमतीने म्हणत, "निमजे साहेबांकडे कुणी पत्ता विचारायला आला तरी आधी सदरा काढायला लावतात." तो हसे, आणि पुढच्या माणसाला सदरा काढायला सांगे. त्याच्या हाताखाली शिकलेल्या तरुण डॉक्टरांना आधी हाच त्रास वाटे, आणि पुढे जाऊन त्यांनी हीच सवय ठेवली.

बाबनराव पुन्हा मागावर बसला. ताराचंदने नको म्हटले होते; त्याने ऐकले नाही. डावी पावडी त्याच्याने नीट दबेना, म्हणून त्याने दोन्ही पावड्या उजव्या पायाशी जवळ घेतल्या आणि एकाच पायाने त्या आळीपाळीने दाबू लागला. काठापदराची लुगडी सुटली. तो पंचे विणी, साधे, पांढरे. त्यांत खोट निघत नसे, पण दिवस फार लागत.

दर रविवारी सकाळी ताराचंद तांडापेठेत जाई. चहा होई. मग बाबनराव खाटेवर आडवा होई आणि डोळे मिटून घेई. ताराचंद त्याच्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरून हलकेच वर किंवा खाली करी.

"वर का खाली?"

उजव्या पायाला उत्तर बरोबर येई. डाव्याला कधी बरोबर, कधी चूक.

"वर," बाबनराव म्हणे. मग डोळे न उघडता विचारी, "बरोबर आहे?"

ताराचंदला खोटे सांगता आले असते; अंगठा त्याच्याच हातात होता. पाहणारे दुसरे कुणी नसे, आणि अनुसया स्वयंपाकघरात असे.

"नाही, दादा. खाली होता."

"मंग पुन्हा कर," बाबनराव म्हणे.